भिंगरीच्या केसांची टोकं

अहो, तुम्हा दोघांना उठवलं असतं तर पाय निघाला नसता, म्हणून ही चिठ्ठी ठेवून वर्षभराच्या कामाला तशीच निघाले. भिंगरीचे केस धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका. लेक आहे, तुमच्या गॅरेजमधली गाडी नव्हे. जुन्या सुती बनियनने नुसते टिपा. गुंता टोकाकडून सोडवत वर जा, वेणी सैल घाला.

मी येईपर्यंत केसांना कात्री लावायची नाही, असं बजावलं होतं. मी जाताना होते तसेच ते मला परत आल्यावर हवे होते. पण वर्षभर टोकं कापली नाहीत तर फाटे वर चढत जातील. दर तीन महिन्यांनी बोटभर कापा. फक्त मला व्हिडिओ कॉल लावून, फोन समोर ठेवून कापा. आणि घाई करू नका, हळूहळू कापा.