शेवटच्या बटणाबद्दल मावशीस

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा वाकून (कंबर धरल्यामुळे जेमतेमच वाकून) नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? काकांचा खोकला थांबला असेल. नसेल, तर त्यांनी पंख्याखाली झोपायचं सोडलेलं नसणार. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून.

तुझे जावईबापू, अर्थात आमचे मालक, कुठल्याशा प्रदर्शनातून एक नवा फोन घेऊन आले आणि तेव्हापासून माझे ग्रह फिरले. त्या फोनला बटणंच नाहीत, नुसती काच. मी त्यांच्या फोनच्या कारखान्यात कीपॅड विभागाचा प्रमुख. बटण दाबलं की ते दाबलं गेल्याचं बोटाला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी आम्ही सात माणसं वर्षभर रबर बदलत असतो. (बायको याला काम म्हणत नाही, तो भाग वेगळा.) मालकांनी तो फोन टेबलावर ठेवला आणि डाळीतले खडे काढावेत तितक्या सहज म्हणाले, आपणही बटणं काढू.

आता बटणं गेली तरी बोट कुठंतरी टेकणारच. मग काचेवरची चित्रं केवढी काढायची? त्यासाठी मालकांचाच अंगठा प्रमाण धरायचं ठरलं. रोज सकाळी ते केबिनमध्ये अंगठा पुढे करत, डिझायनरबाई पट्टी लावून मोजत. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मालकांचा अंगठा गाडीच्या दारात सापडला आणि टोमॅटोएवढा झाला. मोजमाप थांबवा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे चित्रं फुगली, चित्रांसाठी काच फुगली आणि काचेसाठी फोन. आठवडाभरात तो खिशात मावेना. पुढे सूज उतरली, पण तोवर मालकांना त्या मोठ्या काचेवर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं होतं. फोन परत लहान करायचं नाव कोण काढणार? उलट आम्हा सगळ्यांच्या गणवेशाचे खिसेच उसवून मोठे केले.

एवढं करून चार गिऱ्हाइकांच्या हातात फोन दिला, तर म्हणतात, दाबल्यासारखं वाटत नाही. झालं! मला आवाज टिपायच्या खोलीत बसवलं. मी जुन्या फोनची बटणं दाबायची आणि तो टक् आवाज काचेतून येणार. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “साहेब, जरा मनापासून दाबा, भाव उतरत नाहीये.” मावशी, इतक्या वर्षांत माझ्या दाबण्याला कुणी नावं ठेवली नव्हती. मला तिथंच भरून आलं. (तो हुंदका रेकॉर्डिंगमध्ये गेला. आता फोनमधला कुठलाही मजकूर पुसला की तो ऐकू येतो. मालकांना आवडला.)

माझी सहा माणसं आता काचेवरचे बोटांचे डाग पुसतात. उरलो मी आणि आमच्या नव्या फोनच्या तळाशी राहिलेलं एकुलतं एक गोल बटण. ते आहे तोवर मी प्रमुख आहे. पण तेही कशाला, असं मालक विचारू लागलेत आणि सोमवारी त्याचा निकाल लावणार आहेत. मला खरोखर भीती वाटते. या वयात दुसरं काय शिकू?

काकांना नमस्कार आणि पंख्याची आठवण.

तुझा भाचा,
प्रमुख (तूर्तास), कीपॅड विभाग

ता. क. सासूनं जावयाच्या धंद्यात बोलू नये हे मला कळतं. पण सोमवारच्या आत सहज फोन करून, बटणाशिवाय मला काही जमत नाही बाई, एवढंच म्हणालीस तर? तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

ता. क. दुसरा. माझं अक्षर एवढं छापील कसं, असं तुझ्या मनात येईलच. हे सगळं पत्र मी नमुन्याच्या त्या फोनवर, काचेवर बोटं टेकवत लिहिलं आणि ऑफिसात छापून घेतलं. एका बैठकीत झालं. एकदाही बटणाची आठवण आली नाही गं, आणि हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं. जावईबापूंना एवढं मात्र सांगू नकोस.