अठ्ठेचाळीस अंशांचा ट्रेलर

२ मार्च, शनिवार
ठरलं. ट्रेलर घरीच बनवायचा. हायड्रॉलिक जॅकचा, हौदा उचलून मागे खडी ओतणारा.
फेब्रुवारीत आई सौनासाठी, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं आणताना बर्फावर पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. पुनर्वसन केंद्रातून तिला १४ मे रोजी सोडणार. तोवर बर्फ वितळून आमच्या चढाच्या वाटेचा चिखल झालेला असेल आणि चाकाच्या खुर्चीची व्हॅन दारापर्यंत येणार नाही. चार-पाच खेपा खडी टाकली की काम झालं. हातात दहा आठवडे. मला सहा पुरतील. (खरं तर पाच. एक वाढवून धरला.)
माझी बायको रोंडा म्हणाली, खाणीचा ट्रक बोलाव, एका खेपेत काम होईल. तिला समजावलं, की बर्फ वितळायला लागलं की रस्ते खातं अवजड गाड्यांवर बंदी घालतं आणि ती कधी उठेल याचा नेम नाही. ट्रेलर हलका, त्याला बंदी नाही. रोंडा इथेच जन्मली, तिला हे ठाऊक आहे. तरी समजावलं. जरा मास्तरी झाली का? झाली असेल. उद्यापासून सौम्य बोलायचं.

९ मार्च
शेजारच्या आर्विड सारींना आराखडा दाखवला. चौऱ्याहत्तर वर्षांचे. सगळी हयात लाकडाच्या ट्रकांना वेल्डिंग करण्यात गेली. चष्मा न लावताच बघितलं आणि विचारलं, चाकांचा ॲक्सल मधोमध का? म्हटलं, कारण मध्य तिथे आहे.
ते म्हणाले, "हौदा वर गेला की खडी मागे जाणार, लायल. मग पुढचं नाक वर येणार. सीसॉवर बसला होतास ना लहानपणी?"
मी एकवीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "हो, ऐकलंय."
ओली खडी अठ्ठेचाळीस अंशांना घसरते. तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस.

३१ मार्च, ईस्टर
भाऊ ग्लेन ग्रीन बेहून हॅम घेऊन आला. त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात त्याने आईसाठी खोली धरून ठेवली आहे, १५ मेपर्यंत. केंद्राच्या बाई १३ तारखेला आपलं घर बघायला येणार. व्हॅन दाराशी पोचत नसेल तर त्या आईला इथे सोडणार नाहीत. मग ग्रीन बे.
दुपारी केंद्रात आईला भेटलो. ती म्हणाली, "मला माझ्या सौनात मरायचंय, कुठल्या लिफ्टमध्ये नाही." ग्लेन म्हणाला, कुणी मरायचं बोलत नाहीये, आई. ती म्हणाली, "मी बोलतेय की."
मी शब्द दिला. तेव्हा फ्रेमचं वेल्डिंग व्हायचं होतं. शब्द देताना फ्रेमचा उल्लेख करायला हवा होता का? पण तिने फ्रेमबद्दल विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल
सहा आठवडे संपले. उशिराचं कारण मी नव्हे. जॅक चुकीच्या लांबीचा आला. (लांबी मी कळवली होती. पण दुकानदाराने शंका काढायला हवी होती.)

२७ एप्रिल, दुपारी ४
उचलला! रिकामा हौदा अठ्ठेचाळीस अंशांवर गेला आणि लोण्यासारखा खाली आला. रोंडा बाहेर येऊन बघून गेली. देखणा आहे म्हणाली. मग विचारलं, खडी कधी? म्हटलं, रंग राहिलाय.
रंग आवश्यक आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. गंज हा ट्रेलरचा शत्रू आहे.

८ मे, बुधवार
पोस्टात सूचना लावली आहे. आज सकाळी सहापासून अवजड गाड्यांवरची बंदी उठली.
रोंडाला सांगायचं. अर्थात सांगायचं. फक्त आता सांगितलं तर ती ट्रक बोलावणार, आणि दहा आठवडे अंगणात उभा असलेला हा ट्रेलर काय म्हणून उरणार?
न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? वर्गात मीच म्हणतो, उघड असलेली पायरी लिहिली नाही तरी सिद्धता चुकत नाही. सूचना पोस्टाच्या भिंतीवर उघड लावलेली आहे.
जेवताना सांगतो.

८ मे, जेवणानंतर
माशाचं कालवण होतं. काटे फार. बोलणं धोक्याचं.

११ मे, शनिवार
नळीतून तेल गळतंय. दुसरी नळी आणायला साठ मैल. खडीची खेप आज नाही.
रोंडाने विचारलं, आणखी काही सांगायचंय का? म्हटलं, नळीबद्दल सगळं सांगितलं. हे शंभर टक्के खरं होतं.

१२ मे, मदर्स डे
आईकडे फुलं नेली. तिने विचारलं, वाट झाली का? मी "होतेय" म्हणालो. वर्तमानकाळ. चुकीचा नाही.
उद्या शाळेला रजा. दुपारी दोनला केंद्राच्या बोशांबाई घर बघायला येणार. चार खेपा दीडपर्यंत सहज होतील.

१३ मे, सोमवार, १०:२०
खाणीतून हौदा भरून आणला. पिकअपचं बूड खाली गेलंय, पण चालतंय. वाटेच्या तोंडापासून सुरुवात. बटण दाबतो.

१०:५०
शांतपणे लिहितो.
तीस अंशांपर्यंत उत्तम. चाळीसच्या पुढे खडी मागे सरकली आणि मागच्या फाळक्याला अडली. फाळक्याची वरची खिटी काढली होती. खालची राहिली. पुढचं नाक उचललं गेलं, त्याने पिकअपची मागची चाकं उचलली, मग हुक सुटला आणि पिकअप धाडकन खाली आली. जॅकच्या पंपाची वायर तुटली. ट्रेलर वाटेच्या तोंडात बूड टेकून बसलाय, नाक आकाशात, हौदा वर करून. खालीही येत नाही, हलतही नाही. आर्विड ट्रॅक्टर आणायला गेले. जाताना एकदा ॲक्सलकडे बघितलं. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१०:५५
मोठा ट्रक आला. आत वळायचा दिवा लावून उभा. ड्रायव्हर उतरला, ट्रेलरकडे बघितलं, मग कागदाकडे. "रोंडा लाहती इथेच राहतात ना? त्यांनी खडी मागवलीय. बुधवारी फोन केला होता."
आत यायला जागा नव्हती. त्याला पुढच्या खेपा होत्या. रस्त्याच्या कडेला सगळा ढीग ओतून तो गेला.

सायंकाळी ६
रोंडा बाराला घरी आली. ढीग बघितला, ट्रेलर बघितला. मला एकच प्रश्न विचारला, "बंदी उठल्याचं तुला कधी कळलं?"
बुधवारी, म्हटलं.
"मलाही बुधवारीच. पाच दिवस वाट बघितली, तू सांगतोस का."
मग तिने फावडं उचललं.
आर्विडनी फाळक्याची खिटी घणाने उडवली, खडी सांडली, ट्रॅक्टरने ट्रेलर कडेला ओढून त्याचं नाक ओंडक्यावर टेकवलं. हौदा वरच राहिला. मग त्यांनी चर्चच्या लोकांना फोन केले. अकरा जण आले, सात ढकलगाड्या. पूर्ण वाट नको, चाकांपुरत्या दोन पट्ट्या टाकू, हे रोंडाने सुचवलं. मला का सुचलं नाही, यावर विचार करायचा आहे.
दोनला बोशांबाई आल्या तेव्हा निम्मा चढ बाकी होता. मी तोंड उघडायच्या आत रोंडा म्हणाली, "झालेलं नाही. पाचपर्यंत होईल." बाईंनी चिखल बघितला, ढकलगाड्या बघितल्या. त्यांना आणखी एक घर बघायचं होतं, पाचला परत येते म्हणाल्या. जाताना ट्रेलरकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? आर्विड म्हणाले, "शिल्प आहे."
पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सही केली.
दोन्ही तळव्यांना फोड. रोंडाच्याही. तिने स्वतःच्या हातांना मलम लावून डबी बंद केली आणि फडताळात ठेवली.

१४ मे
आई आली. व्हॅन थेट दाराशी. वाटेत तिने काचेतून ट्रेलर बघितला आणि विचारलं, तो तुझा? हो म्हटलं. मग बुधवारची गोष्टही सांगितली, आपणहून. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? रोंडाला सांगायची होतीस."
ग्लेनने खोली सोडली.

१८ मे, शनिवार
आर्विड हौदा खाली आणायला आले. पंपाच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तो सैल केला की वायर नसली तरी हौदा उतरतो. दहा मिनिटांचं काम. हे सोमवारी का नाही सांगितलं, असं विचारलं. ते म्हणाले, "सोमवारी तू मास्तर होतास."
त्यांनी पाना लावला, इतक्यात आई ओट्यावरून ओरडली, थांबा. हिवाळाभर वापरलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या धुतल्या होत्या आणि ओल्या सतरंज्यांच्या वजनाने वाळत घालायची दोरी तुटली होती. हौदा दक्षिणेकडे तोंड करून उभा होता, सगळं ऊन अंगावर घेत. वाळेपर्यंत राहू दे म्हणाली.
सतरंज्या टाकताना रोंडाने चिमटे माझ्या हातात दिले. सोमवारपासून तिने माझ्या हातात दिलेली ही पहिली वस्तू. मी ते एकेक लावत गेलो. बोलायला हवं होतं का, यावर विचार चालू आहे.
आठही सतरंज्या तीन तासांत खडखडीत वाळल्या. सगळे चहाला आत गेल्यावर हौद्याला कोनमापक लावून बघितला.
अठ्ठेचाळीस. आकडा बरोबरच होता.