पोत्यातलं मीठ

३ फेब्रु.
दहावा झाला. कावळा शिवला नाही. धाकटे दीर वसंतभावजी हात जोडून म्हणाले, दादा, वहिनींचं आम्ही बघतो. नाही शिवला. अभिजित म्हणाला, बाबा, आईला कुकटपल्लीला माझ्याकडे नेतो. नाही. गुरुजींना गौलीगुड्यात दुसरं काम होतं. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आटोपलं.
यांचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक. इतक्या माणसांत देवगिरीच्या राजाचं नाव कसं काढायचं, म्हणून मी काढलं नाही.

६ फेब्रु.
तेरावं. पंगतीत भावजींनी नेहमीचंच काढलं. "वहिनी, पोतं उघडून बघितलं ना? धान्य म्हणून मीठ निघायचं." पुण्याचे पाहुणेसुद्धा हसले. गडाला वेढा, पोत्यांत मीठ, राजा शरण. एवढाच इतिहास सगळ्यांना येतो. यांनी जन्मभर शाळेत तो शिकवला आणि त्या राजाची बाजू घेतली, म्हणून घरात यांचं नाव "राजे".
मग भावजी शेजारच्याला म्हणाले, "दादा पण तसेच की. डॉक्टर अजून औषध देतो म्हणत होता, हेच नक्को म्हणाले. शरण गेले."
मी मिठाचं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. वरण अळणी होतं. भावजी मीठ मागत होते. गेले नाही.

७ फेब्रु.
रात्रभर तेच डोक्यात. शरण म्हणे. भावजी दवाखान्यात एक रात्र तरी बसले होते का? फोनवर "हौ, हौ, हिंमत ठेवा" एवढंच.

९ फेब्रु.
मराठी मंडळाचे अध्यक्ष आले. रविवारी शोकसभा. मी दोन शब्द बोलायचे. आदर्श शिक्षक, साधी राहणी, असं. "तेवढा राजाचा विषय नको, वहिनी. लोक नाराज होतात."
राजावरचं यांचं व्याख्यान मंडळ दर गणपतीत पुढच्या वर्षावर ढकलायचं. एकदा दिलं, तेही मुलांच्या नाचानंतर. हे बोलत होते आणि मागे खुर्च्या उचलत होते. घरी येताना कोठीच्या बाजारात उतरून यांनी जुनी पुस्तकं बघितली. खुर्च्या उचलायला सांगणारे हेच अध्यक्ष.
चहा दिला. साखर घातली नाही.

१२ फेब्रु.
हे भाजी निवडताना राजाचं सांगायचे. मी अर्धं ऐकायचे. आठवतं तेवढं: सैन्य मुलाबरोबर बाहेर. गडात मूठभर माणसं. खाली शहरातले लोक शत्रूच्या हातात. खजिना दिला, लोक सोडवले. मी विचारलं होतं, आणि हेर काय झोपले होते? म्हणाले, "ती चूक त्याचीच. पण चूक वेगळी, भ्याडपणा वेगळा. लढून मेला असता तर आज पुतळे असते. खालच्या लोकांचं काय झालं असतं, ते कोणी विचारलं नसतं."
औषध नको म्हटलं त्या दिवशी दवाखान्यात मला म्हणाले, "आता घरी चल. तू थकलीस." मी थकले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, पंगतीतच.

१५ फेब्रु.
भावजींचा फोन. उद्या तेही बोलणार आहेत. मी काय बोलणार, विचारत होते. म्हटलं, देवगिरी.
"वहिनी, परेशान करू नका लोकांना. उठून जातील."
"जाऊ द्या. खुर्च्या उचलायला सोपं."
म्हणाले, दादांचं भूत शिरलं का काय. फोन ठेवला.
अभि म्हणतो, आई, तू कधी माइकवर बोललीस का? नाही.

१६ फेब्रु.
सभा संध्याकाळी. इस्त्री केलेली साडी खुर्चीवर आहे. सकाळपासून लिहायला बसते आहे. पहिलं वाक्य तेवढं झालंय. त्याचं सैन्य बाहेर होतं.
पुढचं अजून नाही. अभि गाडी काढतोय.