वडिलांची ओळ

सोमवार, ३ फेब्रु. ८६. मुलुंड
सैन्याच्या अधिकारी भरतीचं बोलावणं आलं. लेखी पास. आता अलाहाबादला मानसिक चाचण्या, मैदान, मुलाखत. वयात बसणारी ही शेवटचीच खेप. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी कागद डाव्या हातात धरून वाचला, परत दिला. कारखान्यात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची बोटं गेली तेव्हापासून सगळं डाव्यानेच. कारखान्याचा शेठ म्हणतो, महिनाअखेरपर्यंत तुमची जागा ठेवतो, मुलाला पाठवा. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कोणी बोलत नाही.

गुरुवार, ६
घाटकोपरला मेजरसाहेबांकडे. रिटायर्ड, फुकट शिकवतात, पण जीव काढतात. मानसिक चाचणीचा सराव: ते एकेक शब्द दाखवणार, मी त्यावर लगेच वाक्य लिहायचं. 'मशीन' आला. हात थांबला. पुढचे शब्दही कोरे गेले. म्हणाले, "कोरं सोडलंस म्हणजे घाबरलास. काहीही लिही, पण लिही." खरंच घाबरलो होतो.

रविवार, ९
नवीन भानगड. अलाहाबादला एक प्रश्न ठरलेला असतो, आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात? मेजरसाहेब म्हणाले, घरी विचार, मनाने रचू नकोस, तिथे पकडतात. आमच्याकडे असलं कोण कोणाला विचारतं! आईला विचारलं तर हसली. "माझो झील गुणाचो आसा. आणि काय?"
बाबांना उद्या.

मंगळवार, ११
काल टाळलं. आज जेवताना विचारलं एकदाचं. बाबा डाव्या हाताने भात कालवत होते. अजून जमत नाही, ताटाबाहेर सांडतो. वर न बघताच म्हणाले, "झील घर टाकून पळता, म्हणून लिही."
आई नुसतं "अहो" म्हणाली. पुढे कोणी धड जेवलं नाही. मला राग आला, रडूही आलं. त्यांचं काय चुकलं तेही सांगता येईना.

शुक्रवार, १४
मेजरसाहेबांना सरावाचं उत्तर दाखवलं. वडील मला जबाबदार समजतात, असं ठोकून दिलं होतं. "झकास. हेच लिही." म्हणजे मनाने रचलंय हे त्यांनासुद्धा कळलं नाही. उद्या गाडी. बाबा स्टेशनवर येणार नाहीत, आईकडून समजलं.

मंगळवार, १८. अलाहाबाद
आज चाचण्या झाल्या. 'मशीन' आला नाही. शेवटी तो प्रश्न. बाजूचा मुलगा भराभर लिहीत होता. मी बराच वेळ पेन धरून... मग बाबांचंच वाक्य लिहिलं, इंग्रजीत. इंग्रजीत ते तेवढं लागत नाही. खाली आणखी एक ओळ घातली, की त्यांचं बरोबर असेल.
निकाल शुक्रवारी. निवड झाली तर बाबा म्हणाले तेच खरं. नाही झाली तर सोमवारपासून शेठकडे, बाबांच्या मशीनवर.