टिटवीचं टोपडं

नारायण पेठ, पुणे
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंगा,

तू चाकापुढची वीट पायाने सरकवलीस आणि "चला" म्हणालास, तेव्हा मी उजव्या पंखाखाली चहाचा ग्लास घेऊन उभा होतो. गेल्या रविवारचं म्हणतो आहे. तब्येतीची चौकशी शेवटी करतो.

या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा आपण थंडीबद्दल बोललो. म्हणून पत्र. संध्याकाळी येऊन तुमच्या खालच्या पेटीत टाकीन, सकाळी पेपर काढताना मिळेल.

आधी आपल्या विमानाचं, टिटवीचं सांगतो. मंगळवारी एसटीने धावपट्टीवर जाऊन आलो. रावसाहेब मेकॅनिक भेटले. पुढच्या चाकाचा दांडा सरळ होईल, पंखा मात्र नवाच घ्यावा लागेल. ज्वारी काढलेल्या रानात शिरलेलं विमान इतक्या कमी नुकसानीत सुटलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. "डॉक्टरांचा हात आहे म्हणून निभावलं," असं म्हणाले. तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून मुद्दाम लिहिलं. सौरभच्या ओठाचे टाके निघाले, हे तुला माझ्याआधी कळलं असेल.

काल नम्रतावहिनी आमच्या घरी मंदाकिनीकडे आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होतो. त्यांना वाटलं, मी घरी नाही. तू सोमवारपासून दवाखाना उघडला नाहीस. गॅस बंद आहे का ते पाच वेळा पाहतोस. चिठ्ठ्या लिहून आरशाला चिकटवतोस. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणालास, "उद्या कुठला दात काढायचा तेच विसरलो तर?" सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. टिटवीची चावी सौरभला देऊन टाकायची, असंही ठरलं आहे. एकोणीस वर्षं आपण दोघे तिचे मालक. मला हे भिंतीपलीकडून कळलं.

नानांचं काय झालं ते मला माहीत आहे. लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून तुझे वडील आपल्याच घराचा पत्ता विचारत होते आणि त्यांना घरी आणायला आपण दोघे गेलो होतो. त्या दिवसापासून तू कशाला भितोस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. वहिनींनाही नाही.

आता सौरभ.

तो वाईट मुलगा नाही. खराडीत नोकरी करतो, मन लावून शिकतो, त्याचं स्वतःचं विमान जूनमध्ये येईल. मला काका म्हणतो. तुला पहिला महिनाभर सर म्हणत होता. मग एका रविवारी म्हणाला, "रंगा, कॉफी घेणार? काका, तुम्हाला चहाच ना?" तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा आहेस. तू हसलास आणि कप पुढे केलास. रंगा म्हणणारी माणसं दोन होती, तुझी आई आणि मी. आई गेल्या.

ऑगस्टमध्ये मी मेडिकलला नापास झालो. उजवा कान. विमान चालवता येणार नाही, हे मान्य. पण उजवीकडे नुसतं बसायला मेडिकल लागत नाही, रंगा. तू म्हणालास, "त्याचं विमान येईपर्यंत त्याचा हात राहू दे. तू समजूतदार आहेस." टिटवीत दोन जागा आहेत. समजूतदार माणूस खाली राहतो. स्टोव्ह पेटवतो, पोहे करतो, पंखाखाली सतरंजी घालतो आणि तुम्ही उतरलात की फोटो काढतो. धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले आहेत, वरून सगळं पाणी गुलाबी दिसतं, असं तू मला सांगायचास. मला! ते पाणी मी तुला दाखवलं होतं.

उजव्या सीटचा पट्टा माझ्या मापाचा होता. सौरभ अंगाने रुंद आहे, दर वेळी तो सैल करायचा. तुम्ही हातपाय धुवायला गेलात की मी आत बसून तो परत आवळून ठेवायचो. चार महिने. तुला कधी कळलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

नव्या माणसाला आपण समजावून सांगतो तसं सांगतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. उजव्या पंखाखाली करंगळीएवढी नळी आहे. तिच्यात वारा शिरतो, त्यावर वेगाचा काटा चालतो. दुसऱ्याच वर्षी, आपण चहा घेत होतो तेवढ्यात, कुंभारीण माशी तिच्यात माती भरून गेली होती. म्हणून मंदाकिनीने लाल खणाचं टोपडं शिवून दिलं. विमान उभं राहिलं की टोपडं, मग पाच मिनिटं का असेनात. घालणाऱ्याने ओरडायचं, "टोपडं घातलं!" काढणाऱ्याने ओरडायचं, "टोपडं काढलं!" दुसऱ्याने ऐकल्याचा हात वर करायचा. लोक हसायचे. एकोणीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही.

रविवारी तू ओरडलास. "टोपडं काढलं!" मी हात वर केला. तुला आठवतं ते खरं आहे.

मग सौरभचा मोबाइल सापडेना. तो तंबूत शोधायला गेला, तू त्याच्यामागे गेलास. मोबाइल त्याच्या खुर्चीखालीच होता. तिथेच तुम्ही दोघे बसलात, त्याने ऑफिसातली कसली तरी गोष्ट सांगितली आणि तू तोंडावर हात धरून हसलास. तसं तू फार थोड्या माणसांपुढे हसतोस.

विमान उभं होतं. माशी फिरत होती. मी टोपडं घातलं.

ते नियमाप्रमाणेच होतं, दहादा विचार करून पाहिला. पण मी ओरडलो नाही. तुमच्या हसण्यात ओरडायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे वळून पाहायचं, ते मला नको होतं. एवढंच असतं तर त्याला विसरणं म्हणता आलं असतं.

तुम्ही आलात, बसलात. टोपड्याचा लाल आता विटकरी झाला आहे, तरी उजव्या सीटवरून ते दिसतं. मी तिथे बसायचो तेव्हा दर वेळी पाहायचो. तो मोबाइलमध्ये शूटिंग करत होता. इंजिन सुरू झालं. माझ्या एका हातात ग्लास होता, दुसरा मोकळा होता. तो वर केला असता तर तू थांबला असतास. माझ्या मनात आलं, बघू दे याला उजवीकडे बसणं म्हणजे काय असतं ते. धावताना काटा हलणार नाही, रंगा थांबेल, त्याला चार शब्द सुनावेल आणि मला हाक मारील. असं मी धरून चाललो होतो.

तू थांबला नाहीस. काटा तू धावतानाच पाहायला हवा होतास. पाहिला नाहीस, कारण बोटाने त्याला काहीतरी दाखवत होतास. बघ, अजूनही तुझाच दोष काढतो आहे.

विमान उठलं तेव्हा ग्लास माझ्या हातातून पडला. तू एक फेरी मारलीस आणि नुसत्या कानाने, अंगाने तिला खाली आणलंस. जोरात आलास, धावपट्टी संपली, रानात गेलास. मी धावत आलो तेव्हा तू पंखाखाली उभा होतास, टोपडं तुझ्या हातात होतं. सौरभ ओठावर रुमाल धरून म्हणत होता, "इट्स ओके रंगा, होतं असं." तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस. मला विचारलंस, "शाम, मी काढलं होतं ना रे?"

मी म्हणालो, "मला नाही आठवत."

तुझा चेहरा तेव्हा नानांसारखा झाला. मी तो पाहिला, तरी शब्द मागे घेतला नाही. आणि खरं लिहायचं तर, तू मला विचारलंस, त्याला नाही, याचं मला तेव्हाही बरं वाटलं.

तब्येतीची चौकशी ही. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरकडे जाऊ नकोस. आरशावरच्या चिठ्ठ्या काढून टाक. दवाखाना उघड. चावी कोणाला द्यायची ते तू ठरव, पण विसरभोळा झालास म्हणून देऊ नकोस. तू काढलं होतंस.

पाच दिवस उशिरा ओरडतो आहे.

टोपडं घातलं.

शाम

*

सदाशिव पेठ
शनिवार, १५ फेब्रुवारी

श्यामसुंदर,

पत्र सकाळी सहा वाजता मिळालं. नम्रताला वाचून दाखवलं. नऊ वाजता दवाखाना उघडला. पहिल्या पेशंटची खालची डावी दाढ काढायची होती, तीच काढली. सोमवारची वेळ रद्द केली. चावी माझ्याकडेच आहे.

सौरभ दहाला आला होता. त्याला टोपडं दिलं आणि ओरडायचं कसं ते शिकवलं. तू सध्या येऊ नकोस.

रंगनाथ