तिकडे आत्ता किती वाजले

३ ऑक्टोबर, सोमवार
रोजनिशी सुरू. बायको ऑफिसच्या कामाने वर्षभरासाठी परदेशी गेली, त्याला पाच महिने झाले. जाताना म्हणाली होती की सारखे फोन करू नकोस, मेल लिही. मला जरा लांब राहून आपल्या दोघांचा विचार करायचाय. करू दे की. नीट विचार केला तर मत माझ्याच बाजूने पडणार. घराची तिची किल्लीही माझ्या हातात देऊन गेली. परत यायचं नसतं तर एवढ्या विश्वासाने कशाला दिली असती?

संकल्प: रोज सकाळी पळायला जाणे. भांडी त्याच दिवशी घासणे. आणि ती मेल लिहिते तेव्हा तिकडे किती वाजलेले असतात, हे दाखवणारा प्रोग्राम लिहिणे. तिसरा आधी.

४ ऑक्टोबर, मंगळवार
पळायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.

प्रोग्राम झाला! प्रत्येक मेलवर पाठवल्याची वेळ असते आणि वेळेला चिकटून ती कुठल्या टाइमझोनची आहे त्याची एक छोटी पाटी असते. सामान्य माणसाला ती दिसत नाही. माझा प्रोग्राम ती वाचतो. बायको आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा तिचा चहा. ऑफिसात मी वर्षानुवर्षं हेच करतोय, लोकांच्या वेळा सरळ करतो. तिला लगेच लिहिलं की आता तू जगात कुठेही जा, मला बसल्या जागी कळेल.

६ ऑक्टोबर, गुरुवार
तिचं उत्तर: बरं.
तिकडे सकाळचे सव्वाआठ. ऑफिसच्या घाईत असूनही लिहिलं. प्रेम म्हणजे आणखी काय असतं?

भांड्यांचं उद्यापासून.

१७ ऑक्टोबर, सोमवार
आज दोन ओळी आल्या. म्हणते, तुझ्या प्रोग्रामने सांगितलंच असेल मी कुठे आहे ते. आता तू काय करतोस बघू.

काय हे वळसे घेऊन कौतुक! दिवसभर खूश होतो.

फक्त एक घोळ. मेलवर पाटी आपल्या इथल्या टाइमझोनची. वेळ सकाळचे साडेअकरा. उघड आहे, सर्व्हरने माती खाल्ली. असं होतं. ऑफिसातल्या टेस्टरबाईंना दाखवलं. बाई आमच्या चुका शोधण्याचा पगार घेतात. त्यांनी विचारलं की पाटी खरी असेल तर? मी हसलो. घरी येऊन एका ओळीत बंदोबस्त केला: तिच्या मेलवर पाटी कुठलीही असो, तिकडचीच लावायची.

१८ ऑक्टोबर, मंगळवार
गडबड. प्रोग्रामच्या मते कालची मेल तिने आपल्या रात्री नऊला लिहिली आणि मला सकाळी साडेअकराला मिळाली. बायको हुशार आहे, पण इतकी नाही.

टेस्टरबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, सर, तुम्ही नुसती पाटी बदललीत, काटे फिरवलेच नाहीत. पाटी बदलायची तर वेळही साडेनऊ तास मागे न्यायला हवी. हे मला ठाऊकच होतं. मग परत तेच टुमणं, की पाटी खरी असेल तर यातलं काहीच करायला नको. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागते या लोकांना.

दुरुस्त केलं. आणि स्क्रीनवर उत्तर आलं तेव्हा खुर्चीतच बसून राहिलो. तिने मला लिहिलं तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

झोप उडालीय बिचारीची. माझ्याशिवाय कुणाच्या आठवणीने उडणार?

२६ ऑक्टोबर, बुधवार
पुन्हा मेल. पाटी पुन्हा चुकीची, प्रोग्रामने पुन्हा सुधारली. तिकडचे रात्रीचे तीन. लिहिते की इतके दिवस झाले, तू काहीच बोलला नाहीस.

गलबलून आलं. लगेच उत्तर दिलं: इतकं जागू नये. झोपताना कोमट दूध घे. तब्येत सांभाळ, घाई करू नकोस, मी आहे तिथेच आहे.

छान उतरलं. दोनदा वाचलं.

७ नोव्हेंबर, सोमवार
आज जिवात जीव आला! मेल: बुधवारी अकराला भेटू. घरी असशील ना?

म्हणजे व्हिडिओ कॉल. सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून. विचार पूर्ण झालेला दिसतोय.

आता इथे कच्चा माणूस फसला असता. अकरा कुठले, ते तिने लिहिलेलं नाही. पाटी नसेल तर वेळ बोलणाऱ्याची धरायची. शिवाय कालच तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे केलीत, म्हणजे अंतर आता साडेनऊ नाही, साडेदहा. तिचे सकाळचे अकरा, आपले रात्रीचे साडेनऊ. दुसरा कुणी साडेआठ वाजता कॅमेऱ्यासमोर येऊन बसला असता!

टेस्टरबाई म्हणाल्या, विचारून का नाही घेत, कुठले अकरा? मी, आणि वेळ विचारू? तीही स्वतःच्या बायकोला?

९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी
उत्साह. दाढी केली. नवा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. कॅमेऱ्यात येते तेवढी भिंत पुसली. भांडी कॅमेऱ्यात येत नाहीत. ऑफिसला निघतो.

तीच तारीख, रात्री सव्वादहा
कॉल नाही. नेटवर्क असेल तिकडचं. शर्ट काढलेला नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार
शेजारचे आजोबा सकाळी जिन्यात भेटले. विचारत होते की भेट झाली का मग बायकोची. मी म्हटलं, कुठली भेट? म्हणाले, काल सकाळी अकराच्या सुमाराला आली होती की. दार वाजवलं, मग जिन्यात बसून राहिली. तासभर तरी. आत या म्हटलं तर नको म्हणाली, तो येईल इतक्यात.

आजोबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. दुसरी कुणीतरी बाई असेल. तसं त्यांना म्हटलंही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले.

ऑफिसला न जाता मेहुणीला फोन लावला. ती इथेच राहते, बसने वीस मिनिटं. म्हणाली, ताई महिन्याची रजा काढून आली होती, माझ्याकडेच होती. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलंय, असं धरून चालली होती. तुम्हीच लिहिलं होतं ना तसं? रोज वाट बघायची, आज येतील, उद्या येतील. तुमचं ते दुधाचं पत्र वाचून दिवसभर जेवली नाही. म्हणाली, मी इथे आहे हे माहीत असून हा मला दूध प्यायला सांगतो. तरी शेवटी स्वतःच आली तुमच्या दाराशी.

मी म्हटलं, दे तिला फोन. मेहुणी म्हणाली, पहाटेच्या विमानाने परत गेली.

मग इतका वेळ रडलो की शेवटी कशासाठी उठून उभा राहिलो होतो तेच आठवेना.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
तिला सविस्तर लिहिलं. चूक माझी नाही, हे आकृतीसकट समजावलं. सर्व्हर कसे चुकतात, पाटी म्हणजे काय, काटे म्हणजे काय, ती साडेनऊ तासांची दुरुस्ती मी का केली, अकराचे साडेनऊ कसे झाले. प्रोग्रामही सोबत जोडला. हे वाचलं की तिचा गैरसमज दूर होणार. पुढचं विमान कधी आहे तेही बघून ठेवलंय.

१४ नोव्हेंबर, सोमवार
उत्तर आलं. सगळं वाचलं म्हणते, आकृतीसुद्धा. तू मुद्दाम केलं नाहीस हे पटलं, राग गेला. पण वकिलाकडून कागद येतील, त्यावर सही कर. आणि शेवटी विचारलंय, की पाटीवर आपलं गाव दिसलं, तेव्हा मी आले असेन असं तुझ्या मनात एकदाही आलं नाही का रे?

उत्तर लिहायला बसलोय. सर्व्हरबद्दल एक परिच्छेद लिहिला, खोडला. दुसरा लिहिला, तोही खोडला.

नाही आलं.