न उडालेले नऊ

कंपू, ग्वाल्हेर
रविवार, दुपार

प्रिय शंतनु,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने पडला कागदावर. राहू दे. पुढच्या मजकुराशी त्याचा फारसा संबंध नाही.

तुझे तीन निरोप मिळाले. बुधवारच्या आत मी सहलेखिका म्हणून फॉर्मवर सही करून पाठवावी, आपला शोधनिबंध छापायला जायचाय, एवढ्याशा गोष्टीला मी इतके दिवस का लावतेय. तिसऱ्या निरोपात तर ‘यार, इमोशनल मत हो, सिर्फ साइन है.’ भांडण अंगाशी यायला लागलं की तू हिंदीत शिरतोस, हे तीन वर्षांत मला पाठ झालंय. मराठीत तुला टाळाटाळ जड जात असावी. म्हणून मी मराठीत लिहितेय, आणि कागदावर लिहितेय, म्हणजे अर्धं वाचून अंगठ्याचं चित्र पाठवून तुला मोकळं होता येणार नाही.

आपण काय करत होतो, ते आधी लिहून ठेवते. तू ते हल्ली वेगळंच सांगतोस. शिवपुरी आणि झाशीच्या रस्त्यांवर अपघात झालेली माणसं इस्पितळापर्यंत कशी पोचली आणि त्यातली किती जगली, याचा दोन वर्षांचा अभ्यास. काही अँब्युलन्सने आली, काही चाचणीसाठी सुरू केलेल्या हेलिकॉप्टरने. तू डॉक्टर, अभ्यासाचा प्रमुख. मी नुकती बी.एस्सी. झालेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर, तुझी संशोधन सहायक. अँब्युलन्सच्या चौकी-चौकीवर जाऊन वह्यांतल्या वेळा उतरवून आणायचं काम माझं. उन्हात, बसने, कधी ट्रॅक्टरवर. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं, आपण मिनिटं मोजतोय म्हणजे माणसं वाचवतोय. तूच म्हणाला होतास तसं, पहिल्या दिवशी. तुझ्या प्रेमात मी त्या वाक्यामुळे पडले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही, काही बिघडायचं उरलेलं नाही.

त्यातली एक वही माझ्या वडिलांची होती. आबा घाटातल्या चौकीवर अँब्युलन्स चालवतात. मागे हेमेंद्र असतो, ऑक्सिजन आणि सलाइन बघणारा. पुढे आबा आणि त्यांची वही. निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, रस्त्यात म्हशी किती वेळ आडव्या होत्या, सगळं. आबा आठवी पास आहेत. अक्षर गोल, मिनिटं चोख.

दर्पण कॉलनीत तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हा सीमंतिनीकाकूंनी विचारलं होतं, वडील काय करतात. तुमचे पणजोबा दरबारात दफ्तरदार आणि आमचे पागेतले शिलेदार, हे पहिल्या पाच मिनिटांत निघालंच होतं. अँब्युलन्स चालवतात म्हटल्यावर काकू हसल्या, ‘म्हणजे घोडा सुटला आणि स्टेअरिंग धरलं म्हणायचं!’ सगळे हसले. मीसुद्धा. पण तू चकलीची ताटली माझ्यापुढे सरकवत वर घातलंस, ‘हिचं मराठी ऐक ना आई, “मी जाऊन राहिली आहे” म्हणते.’ त्या दिवशीच मी ताटली खाली ठेवून उठायला हवं होतं. मी दुसरी चकली घेतली.

आता त्या नऊ जणांविषयी. तुला नियम आठवत असेल. एकदा हेलिकॉप्टर मागवलं की रुग्णाला जवळच्या मैदानावर न्यायचं आणि तिथून हलायचं नाही. मैदानावर चुन्याने वर्तुळ आखायचं, धूळ उडू नये म्हणून अग्निशमनचा टँकर येऊन पाणी मारणार, मग वरून परवानगी. कधी हे अर्ध्या तासात व्हायचं, कधी दोन तासांत व्हायचं नाही. विश्वासराव म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर होते, मोटरसायकलवरून पडलेले, पोटात रक्तस्राव. आबांनी त्यांना दोन वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या मैदानावर आणलं. तिथून ग्वाल्हेर पन्नास मिनिटं. आबांनी फोन करून तीनदा विचारलं, मी निघू का? तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘हिलना मत भैया, आ रहा है.’ चार वाजता विश्वासराव गाडीतच गेले. टँकर चार वीसला आला. त्याने मैदानावर पाणी मारलं, कारण आता त्याची गरज नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेही वहीत आहे.

असे नऊ. हेलिकॉप्टर मागवलं, वाट बघितली, वाट बघतानाच गेले. आपल्या तक्त्यात रकाने दोनच, हवाई आणि सडक. तू म्हणालास, ‘जो उडालाच नाही त्याला हवाईत कसं धरणार? शेवटी अँब्युलन्समध्येच गेला ना? मग सडक.’ ऐकायला किती सरळ. नऊ ओळी सडकेच्या रकान्यात गेल्या. हवाईत उरले एकतीस, त्यातले चार दगावले, म्हणजे शंभरात तेरा. सडकेवर शंभरात एकतीस. आकडे बघून तू टेबलावर थाप मारलीस, ‘लाइफ बन गई!’ आणि मला बाड्याच्या चौकात गरम बेडई-भाजी खायला घेऊन गेलास.

ज्यांच्यासाठी हेलिकॉप्टर मागवलं त्या सगळ्यांना हवाईत धरलं, तर शंभरात बत्तीस-तेहतीस दगावतात. सडकेवर अठ्ठावीस. हे गणित करायला मला वीस मिनिटं लागली. तुला तीही काढता आली नाहीत. हेलिकॉप्टर वाईट असं मी म्हणत नाही. बसच्या आगीत भाजलेली डबरा गावची मुलगी त्याच्यामुळेच जगली, तिच्या आईचा हात मी हातात घेतलाय. पण मैदानावर जो उशीर त्या सेवेने केला, तो तू गाडीवाल्यांच्या माथी मारलास. आणि तेवढ्यावर थांबला नाहीस. जूनमध्ये आरोग्य खात्याच्या समितीपुढे उभा राहून म्हणालास, सडकेवरच्या लोकांना वेळेचं भान नाही, ‘ड्रायव्हर लोगों को मिनट का मतलब नहीं पता.’ मंडळी हसली. तुझ्या अभ्यासातलं एकूण एक मिनिट ड्रायव्हर लोकांच्या वह्यांतून आलेलं आहे, शंतनु. तुझ्या मागे उभी राहून स्लाइड पुढे सरकवणारी मी एका ड्रायव्हरची मुलगी होते. तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस.

त्या सादरीकरणावर समितीने ठरवलं की घाटातली चौकी एक तारखेपासून बंद. तिथे आता हेलिकॉप्टर पुरेल. म्हणजे चाळीस किलोमीटरच्या त्या तुकड्यात कुणी पडलं तर चुना, टँकर, परवानगी, आणि शेजारी उभी गाडीही नाही. तू याला प्रगती म्हणतोस. निबंध छापून आला की आणखी दोन चौक्या जातील, हे तुला माहीत आहे. म्हणून तर बुधवारची घाई.

नोटीस चौकीवर लागली, सोबत आपला तक्ता, चौकीनुसार मृत्यू. हेमेंद्रने तो आबांना वाचून दाखवला. आबा त्या संध्याकाळी घरी आले आणि जोडे न काढताच खुर्चीवर बसले. मला म्हणाले, ‘पोरी, सडकेने नेताना माझ्या गाडीत तीन जण गेले. यात चार लिहिलेत. चौथा कोण?’ दोन वर्षांतली तिघांचीही नावं त्यांना तोंडपाठ होती. मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांनी लावलंय तसं. ते म्हणाले, ‘पोस्टमास्तर? पण त्यांना तर मी हलवलंच नाही. हलवू दिलंच नाही मला.’ मग म्हणाले, ‘तू वही नीट उतरवली होतीस ना?’

मी म्हटलं, हो. आणि ते खरं होतं. वही मी नीटच उतरवली होती.

आता उरलेलं. वर मी लिहिलंय की नऊ ओळी सडकेच्या रकान्यात गेल्या. गेल्या नाहीत, मी नेल्या. तू एक वाक्य बोललास आणि चहा प्यायला खाली गेलास. तुला ते चुकीचं वाटलं असेल असं मला आजही वाटत नाही. तुला घाई होती, बस. मला मात्र कळत होतं. विश्वासरावांची ओळ आली तेव्हा माझा हात थांबला होता. ती कुणाच्या वहीतली आहे ते मला माहीत होतं, तिन्ही फोनच्या वेळा मीच उतरवल्या होत्या. तरी मी ती नेली, कारण छापील निबंधावर आमच्या घराचं नाव पहिल्यांदा येणार होतं, आणि तुला खूश बघायचं होतं. शुक्रवारी मी संपादकांना आणि समितीला पत्र पाठवलं. नऊही नोंदींच्या प्रती, दोन्ही गणितं, आणि बदल माझ्या हाताने झाला, तो चुकीचा आहे हे कळत असताना झाला, हेही. फॉर्मवर सही होणार नाही. काल आबांना सांगितलं.  त्यांनी विचारलं, ‘नोकरी जाएगी क्या?’ मी म्हटलं, कुणाची? ‘तुझी. आणखी कुणाची?’ आणि उठून आत गेले. आबा माझ्याशी हिंदीत कधी बोलत नाहीत.  उद्या-परवा तुला संपादकांचं पत्र येईल. माझा राग खरा आहे, वरचा एकही शब्द मी मागे घेत नाही. पण आपल्या माणसाने काय केलं ते आबांना भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं, आणि तसं कळल्यावर चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. तुझाही तसा होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

एके काळी खरोखर तुझी असलेली,
गरिमा